तिरकं स्टेज

“अहो, उठा! टीव्हीत तुम्ही आहात!”

“बिघडू दे,” कूस बदलत नवरा म्हणाला. “सकाळी बघतो.”

“बिघडला नाही हो! तुम्ही! तुम्ही आहात त्यात!”

“पाणी पी आणि झोप.”

आता काय करावं या माणसाला! उजवा कान लग्नाआधीच गेलेला, आणि डावाही वर्षभरात चालला. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून म्हणे पत्रे घासल्यासारखं ऐकू येतं, म्हणून ते कपाटात जाऊन बसलं. मग मुलीनं लिहायला-पुसायला एक पांढरी पाटी आणून दिली. म्हणाली, “आई, यावर लिहून बोलत जा बाबांशी.”

लिहून बोला! मी शिवणयंत्रावर पडदे शिवत दिवसभर गुणगुणणारी, आणि गुणगुणणं थांबलं की बडबडणारी बाई. भांडण कधी लिहून होतं का? ‘तुम्ही पुन्हा ओला टॉवेल’ इथवर लिहीपर्यंत माझा राग निघून जायचा आणि हे चष्मा शोधत बसायचे. मी हसण्यावारी नेत होते, पण मनातून घाबरले होते. माणूस समोर बसलाय आणि आपण त्याच्यापर्यंत पोचतच नाही, याच्यासारखं वाईट काही नाही. त्यांचं बोलणंही आटत चाललं होतं. असंच चाललं तर या घरात एक दिवस नुसतं शिवणयंत्र बोलेल, असं मला वाटायचं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून टीव्ही लावला होता. बटणं दाबता दाबता एका ठिकाणी कुठल्या तरी जुन्या रॉक बँडचा कार्यक्रम लागला. रंग विटलेले, केस वाढवलेली पोरं घामानं चिंब, मैदानात माणसंच माणसं. मी पुढं जाणारच होते, पण गाणारा असा काही जीव तोडून गात होता की बोट बटणावर तसंच राहिलं. भाषा परकी, शब्द एक कळेल तर शपथ. चाल मात्र थेट आत शिरली.

मग कॅमेरा मागं ड्रमवाल्याकडं गेला. तो पायानं जो सगळ्यात मोठा ड्रम वाजवत होता ना, त्याच्या पुढ्यात एक काटकुळा पोरगा खाली बसला होता. पाठ ड्रमला लावलेली, टाचा समोरच्या लाकडी पट्टीला रोवलेल्या, डोळे गच्च मिटलेले. उजव्या कानाशीच कपाटाएवढा स्पीकर. आणि उजव्या कानावर पेन्सिल.

ती पेन्सिल मी झोपेतही ओळखेन. आमचे हे सुतार. उभा जन्म स्टेज बांधण्यात गेला, शाळेच्या नाटकांपासून पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत. अजूनही पेन्सिल उजव्या कानावरच ठेवतात. विचारलं तर म्हणतात, “तो कान नाहीतरी रिकामाच आहे.”

शेवटी हाताला धरून ओढत आणलं. कुरकुरत आले, चष्मा लावला आणि मटकन खालीच बसले. पडद्यावरचा पोरगा प्रत्येक ठोक्याला पाठीतून हलत होता, पण जागचा सरकत नव्हता.

“याचं यांनी शूटिंग घेतलं होतं?” असं पुटपुटले आणि त्यांनी चक्क मान खाली घातली.

मी पाटीवर लिहिलं, ‘लहानपणी कान फुटला होता ना?’

त्यांनी वाचलं. पाटी खाली ठेवली.

“तुला तसं सांगितलं होतं,” म्हणाले. “तुझ्या बाबांनाही. काय सांगणार होतो? ही परदेशी पोरं आपल्याकडं गायला आली होती, तेव्हा मी बांधलेलं ते पहिलं मोठं स्टेज. जमीन मऊ होती. अशा वेळी खांबाखाली फळी घालायची असते, म्हणजे खांब रुतत नाही. पुढच्या एका खांबाला मी विसरलो.”

“मग?” मी नुसते ओठ हलवले.

“मग काय, पहिलंच गाणं सुरू झालं आणि खांब रुतला. स्टेज पुढं कललं, मोठा ड्रम लागला घसरायला. तो बिचारा एका पायानं वाजवतोय, दुसऱ्या पायानं ड्रम ओढून धरतोय. मला बघवेना. चढलो वर आणि बसलो टेकून. वाटलं, एवढं गाणं संपलं की खिळे ठोकू. पण ती पोरं थांबतायत कुठली!”

“आणि कान?” मी त्यांच्या उजव्या कानाकडं बोट दाखवलं.

“दुखत होता ना. नंतर नंतर दुखायचाही थांबला.” मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, “पण मी उठलो असतो तर सगळं थांबलं असतं गं. इतक्या लांबून माणसं आली होती. स्टेज माझं होतं.”

आमच्याकडं यांना सगळे ‘पाणसळ’ म्हणतात. पाणसळ म्हणजे सुतारांची ती पट्टी, आत पाण्यात बुडबुडा असलेली. जागा सपाट आहे की नाही ते सांगते. यांच्या खिशात ती कायम. मुलीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तर या गृहस्थांनी भरल्या पानावरून उठून टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. विहीणबाई बघतच राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आम्ही सगळे त्यावरून किती हसलो! आणि हा माणूस एका फळीपायी कान देऊन बसला होता, आणि वर लाज वाटून गप्प राहिला होता. लाज कसली? माझा ऊर भरून आला. असा माणूस माझ्या वाट्याला आला, याचा त्या क्षणी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पडद्यावर गाणं संपलं. ड्रमवाला उठला, पुढं आला आणि त्यानं त्या काटकुळ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. माणसं बेभान होऊन ओरडत होती. पोरगा उठू बघत होता, पण त्याला काही उठता येईना.

कार्यक्रम संपला, जाहिराती लागल्या. मी टीव्ही बंद केला.

“गाणं बरं होतं का?” त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

“म्हणजे कसं होतं? मला नाही ना कधी कळलं. त्या स्पीकरच्या कल्लोळात कुठलं गाणं नि काय. मला फक्त ड्रम समजत होता. तो कानानं नाही, पाठीनं.”

मी पाटी उचलली, खडूसारखं ते पेन उघडलं. पण चाल लिहायची कशी? पेन पुन्हा बंद केलं.

मग मी त्यांच्यामागं जाऊन जमिनीवर बसले. पाठीला पाठ लावली, अगदी घट्ट. आणि गुणगुणायला लागले.

“काय करतेस?”

मी गुणगुणतच राहिले. शब्द नव्हतेच, नुसती चाल. त्यांची पाठ आधी ताठ होती. मग श्वास थांबला. मग हळूच म्हणाले, “जरा मोठ्यानं.”

मी आवाज चढवला. वरच्या मजल्यावर कुणीतरी काठी आपटली. आपटू दे, म्हटलं.

“हां,” ते म्हणाले. “येतंय. हे येतंय गं.” त्यांची मूठ जमिनीवर ठोका धरू लागली. “थांब, इथं तो दोनदा मारायचा. बघ. असं.” आणि बरोबर तिथंच, जिथं गाणारा श्वास घेत होता तिथं, दोन ठोके पडले.

मला रडू फुटलं. रडता रडता गुणगुणणं काही सोपं नाही, पण मी चाल सोडली नाही. कित्येक महिन्यांनी मी त्यांच्यापर्यंत पोचले होते.

“असं होतं होय,” ते म्हणाले. “चांगलं होतं की.”

गुळगुळीत फरशीवरून मी थोडी घसरले. तेवढं त्यांना पाठीतूनच कळलं. त्यांनी पाय लांब केले, टाचा समोरच्या भिंतीला रोवल्या आणि पाठीनं मला सावरून धरलं.

“म्हण तू,” ते म्हणाले. “मी आहे.”