न चाखलेला ग्लास

ग्लासातली लाल वाइन बघता बघता निळी-काळी झाली आणि टेबलाभोवती दाटीने जमलेली सतरा माणसं एका सुरात "आऽ" म्हणाली. मागच्या बाई पुढच्याच्या खांद्यावरून वाकल्या. कुणाचा तरी काटा फरशीवर पडला, तो उचलायचंही कुणाला सुचलं नाही.

"नाही म्हणतोय," बुवा डोळे मिटून म्हणाला. "स्पष्ट नकार! आणि हे पाहा, बुडबुडे. हा श्वास आहे. देह सुटतो, श्वास सुटत नाही. द्राक्षाचं रक्त श्वासाला बरोबर ओळखतं."

ग्लास होता आमच्या टेलरचा, आणि टेलरला जाऊन आठ महिने झाले होते. प्रश्न विचारला होता त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी. "मी ती तपासणी करून घेऊ का?" एवढाच प्रश्न. वाइन लाल राहिली तर हो, निळी पडली तर नाही, असा बुवाचा कायदा होता. निळा रंग पाहून वहिनी रडल्या, पण सुटल्यासारख्या रडल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या डॉक्टरीणबाई मात्र नॅपकिनच्या घड्या घालत आणि उलगडत बसल्या होत्या.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला हवं. आम्ही मुळात पाच जण: टेलर, वहिनी, डॉक्टरीणबाई, एका हॉटेलातून निवृत्त झालेला मॅनेजर आणि मी. महिन्यातल्या एका शनिवारी टेलरच्या घरी जेवायचं. प्रत्येकाने एक बाटली आणायची. टेलर सुटांच्या उरलेल्या कापडाचे झगे शिवून बाटल्यांना घालायचा, म्हणजे लेबल दिसू नये. झग्यावर दोऱ्याने आकडा भरलेला. महागाची कुठली, स्वस्तातली कुठली, हे शेवटी झगे उतरवल्यावरच कळायचं आणि मग दर वेळी मॅनेजरचं नाक कापलं जायचं. घराचा नियम एकच: आधी चाखायचं, मग बोलायचं. जीभ सगळ्यांत तयार वहिनींची. बाटली उघडून किती वेळ झाला हेसुद्धा त्या एका घोटात सांगायच्या.

मी पाणीवाला. शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं नमुने तपासले. "जन्मभर पाणी प्यायलेला माणूस आमच्यात कसा?" म्हणून टेलर माझी टर उडवायचा. लग्न केलं नाही, सख्खं कुणी उरलं नाही. उरलेले एकोणतीस दिवस मी रेडिओ लावून जेवतो. निवेदक "नमस्कार" म्हणाला की मीही म्हणतो. हसायचं तर हसा, पण मी म्हणतो.

टेलर गेला आणि जेवणं मोडली. दोनदा जमलो, तेही घशाखाली घास न उतरता. तिसऱ्या महिन्यात कुणी कुणाला फोनच केला नाही. मग मॅनेजरने हा बुवा आणला. तो स्वतःला रसयोगी म्हणवायचा. मी त्याला द्राक्षबुवा म्हणायचो, अर्थात मनातल्या मनात. अंगात फिकट कोट, गळ्यात रेशमी पट्टा आणि तोंडात ग्लासऐवजी 'चषक'. "या वाइनमध्ये ओल्या मातीचं मौन आहे," तो म्हणायचा, "आणि शेवटी जांभळाची किंचित लाज." "वा! लागते हो, लाज लागते," म्हणून मॅनेजर जीभ टाळ्याला लावायचा. जांभूळ लागतं हे मी समजू शकतो. लाज कुठे लागते ते मला तरी कळलं नाही.

पण त्याच्यामुळे टेबल पुन्हा भरलं. आधी पाचाचे आठ झालो, मग बारा, आता सतरा. वहिनी पुन्हा इस्त्रीची साडी नेसू लागल्या. आणि मी काय कोरडा राहिलो? दुसऱ्याच बैठकीत मीही विचारलं, "माझी आठवण येते का रे?" ग्लास लाल राहिला. घरी जाताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडलो. प्रयोगशाळेतला माणूस असूनही रडलो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

तर त्या संध्याकाळी ग्लास निळा झाल्यावर लोक बुवाभोवती फोटोला जमले आणि मी खरकटे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ग्लास धुणं हे माझं जुनंच काम. मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तपासणी कसली ते माहितीये तुम्हाला?"

"नाही. बायकांचं काही असेल म्हणून विचारलं नाही."

"छातीत गाठ आहे. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा द्राक्षाएवढी होती. आता मोठी झालीय. सुईने एक कण काढायचा, तासाभराचं काम. सात आठवडे मागे लागलेय. दर वेळी म्हणते, नवऱ्याला विचारून सांगते. आणि मग हे असं उत्तर येतं."

"बुवा काय म्हणतो?"

"द्राक्षाच्या बियांचा अर्क घ्या, सहा महिने." त्यांचा आवाज चिरकला. "सहा महिन्यांनी मी काय करणार आहे, सांगा ना."

त्या डोळे पुसून बाहेर गेल्या. मी नळ सोडला आणि हाताला येईल तो ग्लास उचलला. तो बोटांतून निसटता निसटता वाचला. तळाशी निळी वाइन तशीच होती. टेलरचा ग्लास! एरवी बुवा तो कुणाला शिवू देत नसे. उरलेली वाइन स्वतः झाडाच्या कुंडीत ओतायचा आणि ग्लास पिशवीत टाकायचा. आज फोटोंच्या नादात विसरला आणि मॅनेजरने तो इतरांबरोबर ट्रेमध्ये ठेवला.

ग्लास तेलकट नव्हता, तरी बोटं घसरत होती. कपडे धुताना हाताला लागतो तसला बुळबुळीतपणा. पस्तीस वर्षं पाण्यात हात घालणाऱ्याला तो न ओळखायला काय झालं? मी चमचाभर निळी वाइन वाटीत घेतली. ओट्यावर मासळीसाठी कापलेलं लिंबू होतं, ते वर पिळलं. वाटीत फसफसलं आणि निळ्याचं पुन्हा लाल झालं.

मग एकेक आठवत गेलं. प्रश्न आला की बुवा ग्लास 'शुद्ध' करायला आतून-बाहेरून रुमालाने पुसायचा. कधी रुमाल डाव्या खिशातून यायचा, कधी उजव्या. डाव्या खिशाच्या काठाला पांढरं काहीतरी धरलेलं असायचं, मी खडू समजत होतो. म्हणजे नकार द्यायचा तर डावा रुमाल, होकार द्यायचा तर उजवा. माझ्या प्रश्नाला मिळालेला 'हो' उजव्या खिशातला होता.

खरं सांगतो, मी लगेच बाहेर गेलो नाही. नळ चालू ठेवून उभा राहिलो. बाहेर हसणं चाललं होतं, खुर्च्या सरकत होत्या, माझ्या नावाने कुणीतरी "अहो पाणीवाले, या की!" म्हणून हाक मारत होतं. बोललो तर हे टेबल मोडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. ते मोडलं की मी आणि माझा रेडिओ. ग्लास धुऊन टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण सहा महिने म्हणजे किती शनिवार, हा हिशोब डोक्यातून जाईना. मी नळ बंद केला.

"अहो, तो चषक खाली ठेवा!" मला ग्लास घेऊन आलेलं पाहताच बुवा ओरडला. "अनधिकारी हात लागला की आत्मा अस्वस्थ होतो."

"होऊ द्या. पंचवीस वर्षं मी त्याला अस्वस्थ करत आलोय, सवय आहे त्याला."

दोघं-तिघं हसले. मी ग्लास वहिनींसमोर ठेवला. "वहिनी, या घराचा नियम काय?"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आधी चाखायचं, मग बोलायचं."

"चार महिने आपण जीभ परजून बसलोय. मातीचं मौन चाखलं, जांभळाची लाज चाखली. हा एक ग्लास मात्र कुणी तोंडाला लावला नाही. चाखा."

"पाप लागेल!" बुवा म्हणाला.

"का?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा ग्लास आहे."

त्यांनी ग्लास दांडीला धरला. मग सवयच पुढे सरसावली. ग्लास उजेडात तिरका केला, नाकाशी नेला, जेमतेम ओठ भिजतील एवढा घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि समोरच्या वाटीत थुंकला.

"आजच्या मधल्या बाटलीतली वाइन," त्या म्हणाल्या. "तिचा सगळा आंबटपणा मारलाय. तोंड साबणासारखं झालं." ओठ पुसून म्हणाल्या, "धुण्याचा सोडा आहे हा."

मी मोरीतून सोड्याचा डबा आणला. पाण्यात कालवला, त्यात बुडवलेल्या फडक्याने एक स्वच्छ ग्लास आतून पुसला आणि वर दोन घोट लाल वाइन ओतली. बुडबुडे आले आणि वाइन निळी-काळी पडली. "लाल द्राक्षांच्या सालीतला रंग आंबटात लाल असतो, सोड्यात निळा पडतो. आणि आंबटात सोडा पडला की फसफसतं. हा झाला टेलरचा श्वास. आता लिंबू." मी लिंबू पिळलं. ग्लास फसफसून लाल झाला.

"पाहिलंत? आत्म्याचं मतपरिवर्तन झालं!" बुवा उसळून म्हणाला.

"अर्ध्या लिंबात? जिवंतपणी त्याचं मत बदलायला मला वर्ष वर्ष लागायचं," मी म्हणालो. "बरं, तुमचा डावा खिसा दाखवता?"

बुवाने कोटाची बटणं लावली. "जिथे श्रद्धा नाही तिथे रस थांबत नाही," असं म्हणून तो निघाला. वाटेत कुणी अडवलं नाही. मॅनेजर भिंतीशी उभा राहून पुटपुटत होता, "मला वाटलं, वहिनींना बरं वाटतंय तर…"

वहिनींनी मला काही शाबासकी दिली नाही. "भाऊजी, चार महिने माझा नवरा माझ्याशी बोलत होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला गप्प केलंत. जा आता. सगळेच जा."

"वहिनी—"

"तुम्हीसुद्धा."

पुढचे सोळा दिवस मी रेडिओशी बोललो. मी बरोबर होतो, यात शंका नव्हती. पण बरोबर असण्याची सोबत होत नाही. दोनदा फोन उचलून खाली ठेवला.

सतराव्या दिवशी सकाळी तो वाजला. "भाऊजी, उद्या नऊला तपासणी आहे. डॉक्टर म्हणाल्या, कुणीतरी सोबत पाहिजे."

दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. पर्सचा बंद वळत त्या म्हणाल्या, "म्हणजे तो नाही म्हणालाच नव्हता?"

"तो काहीच म्हणाला नव्हता, वहिनी."

"मला सोडा कळला असता हो. पहिल्याच दिवशी कळला असता. मी चाखलाच नाही. भीती वाटायची."

"कसली?"

"चाखला आणि नुसती वाइनच निघाली तर? मग विचारायचं कुणाला?" परिचारिकेने त्यांना हाक मारली. त्या उठल्या, पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि एकट्या आत गेल्या.

गाठ वाईट होती. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून हातात आहे. ऑपरेशन झालं. पुढचे उपचार चालू आहेत, वहिनींचे केस गेलेत, जिभेला चव नाही. महिन्याच्या शनिवारी मी जातो, दवाखान्यातून सुटका झाली तर डॉक्टरीणबाईही येतात. सतरातले बाकीचे फिरकले नाहीत. मॅनेजर शरमेने येत नाही, त्याला मी ओढून आणणार आहे.

वाचकहो, सोडा आणि लिंबू तुमच्याही घरात आहे, करून बघा. गाठ लागली तर डॉक्टरकडे जा. मेलेल्याला विचारू नका, आणि त्याच्या नावाने बोलणाऱ्याला तर मुळीच विचारू नका. कुणी तुम्हाला म्हणालं की याला हात लावू नका, चाखू नका, तर सगळ्यांत आधी तेच चाखा. आणि आणखी एक सांगतो, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही तिघं फोन करायचे थांबलो, म्हणून त्या घरात बुवाला खुर्ची मिळाली. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी खुर्ची रिकामी झाली असेल, तर बुवाच्या आधी तुम्ही जाऊन बसा.

गेल्या शनिवारी वहिनींनी टेलरच्या ग्लासात वाइन ओतली. वाइन लाल होती आणि लालच राहिली. आम्ही काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी ती दोन ग्लासांत अर्धी अर्धी केली. "मला चव कळत नाही अजून," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा, भाऊजी."

मी आधी चाखली. "आंबट आहे," मी म्हणालो.

"मग चांगली आहे," वहिनी म्हणाल्या आणि ग्लास तोंडाला लावला.