डाव्या अंगाची चाकं

बुधवारी वर्डी रॅटलिफच्या ट्रॅक्टरने अर्ध्या चढावर मान टाकली, तीही थेट तिच्या सासूच्या थडग्याच्या पायाशी. सासू जिवंत असताना वर्डी इतका वेळ तिच्या पायाशी कधी थांबली नव्हती.

ट्रॅक्टर म्हणजे बसकं, खेचराएवढं धूड. चारही चाकांच्या मागे एकेक हायड्रॉलिक मोटर, आणि पोटातला एक पंप त्या चौघींना तेल पाजणारा. रॅटलिफांची दफनभूमी इतकी उभी, की तिथे साधं गवतकापणीचं यंत्र नेणाऱ्याने आपली जागा आधीच निवडून ठेवावी. हे धूड मात्र पंचवीस वर्षं घोरपडीसारखं चिकटून चढत गवत कापत होतं.

रविवारी डेकोरेशन होतं. सगळं खोरं फुलं घेऊन थडग्यांवर येणार, आणि मग तिथेच टेबलं मांडून जेवणार. नणंद लर्डीन कॉम्प्टन हिने यंदा चर्चमध्ये सगळ्यांदेखत सुचवलं होतं, की आता वहिनींचं वय झालं, गवत ठेका देऊन कापून घेऊ. वर्डीने उभी राहून उत्तर दिलं होतं, की रॅटलिफांच्या मेलेल्यांवर भाडोत्री माणूस पाय ठेवेल तो माझ्या मढ्यावरून. टाळ्या पडल्या नाहीत, पण लोकांनी ऐकलं. शेवटी ठरलं, की शनिवारी दुपारपर्यंत वर्डीला जमलं नाही तर ठेकेदार येईल.

जावई डेलमार तासभर ट्रॅक्टरखाली लोळला आणि पंप गेला म्हणून बाहेर आला. गावातल्या दुकानदारानेही फोनवर पंपच सांगितला. न बघता सांगितला, म्हणजे पंपच महाग असणार, असं वर्डीला वाटलं.

"पंप मेलाय, तर सकाळी बोकडासारखं चढलं कसं रे ते?" ती म्हणाली. "अर्ध्या तासाने, तापल्यावरच का बसतंय?"

वर्डी शाळेत तीन इयत्ता गेली होती, पण ज्वारीची काकवी तिने साठ वर्षं उकळली होती. थंड काकवी झाऱ्यातून गळत नाही आणि गरम झाली की पाण्यासारखी पळते, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. आतून झिजलेल्या मोटरमध्ये तेलाचंही तसंच होणार. चाक फिरवायचं सोडून फटीतून निसटायचं.

तिने फडताळातून शेंगांच्या लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या आणल्या. ट्रॅक्टर घरामागच्या आवारात तेल चांगलं तापेपर्यंत पळवला. मग साखळीने अक्रोडाच्या झाडाला जखडला, म्हणजे चाकांना जोर लागेल पण हलता येणार नाही. प्रत्येक मोटरला आतलं निसटलेलं तेल टाकीत परत नेणारी एक बारीक नळी असते. डेलमारने त्या चारही नळ्या सोडून बरण्यांत घातल्या. वर्डीने पॅडल दाबलं आणि भजनाचं एक कडवं संपेपर्यंत दाबून धरलं. भजन तिने घाईत म्हटलं नाही. देवाला घाई नव्हती आणि डेलमारला विचारलं नव्हतं.

उजवीकडच्या दोन्ही बरण्यांचे नुसते तळ भिजले. डावीकडची पुढची अर्धी भरली. डावीकडची मागची भरून वाहिली, डेलमारच्या रविवारच्या बुटात.

"आई, दोन्ही डावीकडच्याच कशा गेल्या?"

वर्डीने बरण्या पुसायला घेतल्या. कारण तिला ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी लर्डीनशी सासूच्या शिवणयंत्रावरून वाजलं होतं. तेव्हापासून नवरा आर्व्हिलला, आणि तो गेल्यावर स्वतःला, तिने एकच शिस्त लावली होती. टेकडीवर फिरायचं ते डावं अंग उताराकडे ठेवूनच. यंत्र गवत उजवीकडे फेकतं. उजवीकडे, वरच्या ओळीत, लर्डीनच्या सासरचे कॉम्प्टन झोपले होते. दर वर्षी लर्डीनच्या सासऱ्यावर हिरवी गोधडी पडायची. आणि अठरा वर्षं सगळा भार वाहत होत्या खालच्या अंगाच्या दोन मोटरी.

दुकानदार म्हणाला, दोन मोटरींना तीन आठवडे. तशाच मोटरी खोऱ्यात आणखी एकाच ठिकाणी होत्या. लर्डीनच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याचा, होबर्टचा, तसाच ट्रॅक्टर इंजिन बसल्यापासून गंजत पडला होता. होबर्ट त्यावर आपली बाग कापायचा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, कारण त्याचं कुणाशी भांडण नव्हतं.

गुरुवारी वर्डी वाळल्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेऊन गेली. घरी उरला होता म्हणाली. सात थरांचा केक कुणाकडे उरत नाही, हे दोघींना माहीत होतं. तिने उभ्या उभ्याच दोन मोटरी मागितल्या.

लर्डीनने विचारलं, "कुठल्या बाजूच्या गेल्या, वहिनी?"

"दोन गेल्या. बाजूशी तुला काय करायचंय?"

"डाव्या." लर्डीनने केकवरचं फडकं उचलून थर मोजले. "अठरा वर्षं डेकोरेशनच्या सकाळी तुमच्या आधी जाऊन मी माझी थडगी झाडते. तुम्हाला वाटलं, वारा झाडतो?"

वर्डी खुर्ची ओढून बसली.

"मोटरी न्या," लर्डीन म्हणाली. "पण यंदा उलटं फिरायचं."

"गवत तुझ्या आईच्या डोक्यावर पडेल."

"पडू दे. ती उठली तर शिव्या तुम्हालाच देईल, मला नाही."

शुक्रवार मोटरींच्या दांड्यांवर गंजून बसलेले चाकांचे मधले गड्डे सोडवण्यात गेला. शेगडी, हातोडा आणि डेलमारचे न सांगण्यासारखे शब्द, तिन्ही लागले. पुढच्या मोटरला त्याने नळ्या उलट्या जोडल्या, त्यामुळे तीन चाकं पुढे आणि एक मागे निघालं. वर्डी म्हणाली, घरातही असंच एक चाक आहे, त्याला जेवायला घालते मी. नळ्या बदलल्या.

शनिवारी सकाळी तेल चांगलं तापवून ती चढावर निघाली. ट्रॅक्टर कुठे अडखळला नाही. उजवं अंग उताराकडे. पहिल्याच फेरीत खालच्या ओळीतल्या सासूच्या नावावर ओलं गवत थापलं गेलं, दुसऱ्या फेरीत आर्व्हिलच्या. सासूपाशी वर्डीने वेग कमी केला नाही. आर्व्हिलपाशी थोडा केला.

दुपारी ठेकेदार आला, कापलेली टेकडी बघितली आणि परत गेला. वरच्या ओळीशी लर्डीन हातात गवत ओढायचा पंजा घेऊन उभी होती. झाडायला काही नव्हतं. वर्डीने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि हात पुढे केला.

"आण तो इकडे. माझ्या लोकांवर पडलंय, मी झाडते."

लर्डीनने पंजा दिला. "आईच्या कानामागेही झाडा, वहिनी. तिथे साचतं."