सामाईक विहिरीवरचं इंजिन

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो, आणि माझ्या मनात अजून राग आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा.

राजकोटच्या एका कारखान्यात माझं लोखंड ओतलं गेलं. हिरवा रंग चढवून मला सेलूजवळच्या एका गावात आणलं, तेव्हा प्रेमदासने मला हळदकुंकू लावून नारळ फोडला. त्याच्या आणि त्याच्या धाकट्या भावाच्या सामाईक विहिरीवर मला बसवलं. हँडल मारलं की मी धडधडायचो आणि वांग्यांच्या सऱ्या भरायच्या. शेतीची विजेची लाइन असो वा नसो, माझं अडत नसे. "आपलं इंजिन म्हंजे बैल हाय बैल," असं प्रेमदास लोकांना सांगायचा. माझ्या धुराने विहिरीवरच्या उंबराची पानं काळी पडली, डिझेलचे ओघळ मातीत मुरले. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नसे.

धाकटा भाऊ कैलास सावंगीला नोकरी करायचा. शेती त्याची बायको कोकिळा बघायची. तिलाही माझंच पाणी घ्यावं लागे. डिझेल ती स्वतः आणायची, वर प्रेमदासची बोलणी खायची.

मग तिच्या बांधावर सोलर पंप आला. निळ्या काचा उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ना आवाज, ना धूर. ठिबकच्या नळ्यांतून तिच्या भेंडीला त्याच विहिरीचं थेंब थेंब पाणी मिळू लागलं. मला त्या काचांचा पहिल्या दिवसापासून तिरस्कार वाटला. प्रेमदासला माझ्यापेक्षा जास्त. आता ही बाई त्याच्या दारात पाणी मागायला येणार नव्हती.

उन्हाळा लागला, विहिरीचं पाणी खोल गेलं. सोलरला ऊन लागतं, मला लागत नाही. प्रेमदासने ते बरोबर हेरलं. तो उजाडायच्या आधी मला सुरू करू लागला. सूर्य वर येईपर्यंत विहिरीच्या तळाला चिखल दिसायचा, आणि कोकिळाचा पंप नुसता हवा ओढायचा. तिची भेंडी माना टाकू लागली.

एका सकाळी ती तरातरा विहिरीवर आली. प्रेमदासचं शेत कधीच भिजलं होतं. पाणी सऱ्या फोडून पांदणीत, शेताकडेच्या गाडीवाटेत, वाहत होतं.

"काऊन वो भाऊजी, वांगे झाले पिऊन, आता पांदणीले पाजून राह्यले का?"

"माह्यं इंजिन, माह्यं डिझेल. तुले काय करा लागते?"

"विहीर दोघायची हाय."

"मंग सांग तुह्या सूर्याले, लवकर उठत जाय म्हणा."

तो हसला आणि माझा वेग वाढवला. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याची किळस आली. मी पिकासाठी जन्मलो होतो. चिखल करण्यासाठी तो मला जाळत होता.

पुढच्या आठवड्यात तो मला सुरू करून वांगी घेऊन सेलूच्या बाजाराला निघून गेला. मित्रांनो, मी उपसलेल्या पाण्यातलंच थोडं माझ्या अंगातून फिरतं आणि मला थंड ठेवतं. विहीर आटली. पाणी थांबलं. मी तापलो, काळा धूर ओकू लागलो, लोखंडावर लोखंड घासून किंचाळू लागलो.

कोकिळा धावत आली. माझं डिझेल बंद करायचा खटका तिला ठाऊक होता. तिने हात पुढे केला. तिच्या वाळलेल्या भेंडीकडे पाहिलं. आणि हात मागे घेतला.

मी तिथेच जाम झालो.

संध्याकाळी प्रेमदासने आकाशपाताळ एक केलं. "तूच बिघडवलं! जळते तू माह्यावर!"

"म्या हात नाई लावला," कोकिळा म्हणाली. "बंद करता आलं असतं. केलं नाई. जा, साऱ्या गावाले सांगा."

मिस्त्रीने मला उघडलं आणि नकारार्थी मान हलवली.

वांगी ऐन बहरात होती. उन्हाने पानं गुंडाळली गेली. प्रेमदास बांधावर येऊन कोकिळाच्या नळ्यांकडे बघत उभा राहायचा. रात्रभरात विहिरीत झऱ्यांचं पाणी साठे आणि कोकिळाचा पंप दिवसा आरामात चालत असे. एके दुपारी तिने आपलं शेत भिजल्यावर पाइप ओढत आणला आणि त्याच्या सरीत सोडला.

"वांग्यायसाठी देऊन राह्यली, तुमच्यासाठी नाई," ती म्हणाली. "शेवटची सरी भरली का लगेच सांगा. एक थेंब पांदणीत गेला तर उद्या पाइप येणार नाई."

तो उन्हात उभा राहून सरीवर नजर ठेवू लागला. उभ्या जन्मात त्याने पाण्याकडे असं पाहिलं नव्हतं. आभार त्याने मानले नाहीत, तिने वाट पाहिली नाही. वांगी वाचली. दोन्ही घरांचं बोलणं आजही बंद आहे.

मी भंगाराच्या गाडीची वाट पाहतो. मी धूर करणारा होतो, माझे दिवस भरलेच होते, ते मला कळतं. पण मी कामाने झिजून मेलो नाही. ज्याने माझ्यापुढे नारळ फोडला, त्यानेच मला फुकट जाळलं.

माझी कीव करू नका, मित्रांनो. उठा आणि शेजारच्या खोलीत बघा. तिथे कोणी नसताना पंखा फिरत असेल, त्याच्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळत असेल. तो बंद करा. मी एवढा किंचाळलो तरी मला कोणी थांबवलं नाही. तुमचा पंखा तर बिचारा मुका आहे.