बशीतली कातडी

चिमट्याच्या टोकाला ती कड जराशी उचलली गेली — पांढुरकी, ओलसर, दुधावर पातळ साय धरावी तेवढीच — आणि तिने श्वास आतल्या आत धरून ठेवला. तेवीस दिवस तिने ही कातडी तळहाताच्या फोडासारखी जपली होती. रोज डिशमधलं तिला पोसणारं ते गुलाबी पाणी बदलायचं, रोज मायक्रोस्कोपखाली बघायचं. रविवार नाही, सुट्टी नाही. दोन मजले वर, वॉर्डात, लाँड्रीत काम करणारी एक बाई पालथी पडून होती, वाफेने तिची सगळी पाठ सोलून निघाली होती. त्या बाईच्याच मांडीवरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा चांगला तुकडा इथे खाली लॅबमध्ये आला होता, आणि त्यातल्या पेशी वाढून वाढून आता चौदा डिश भरल्या होत्या. एक वाजता ऑपरेशन. तोवर चौदाही पापुद्रे अख्खे निघायला हवे होते.

आणि पाच वाजता धाकटा दीर गाडी घेऊन येणार होता, सासूबाईंना न्यायला. कायमचं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नाही, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती. आणि बरंच झालं की! एकोणीस वर्षं एका स्वयंपाकघरात दोघींनी काढली, एक दिवस धड सुखाचा गेला नाही. "सुटलीस बाई एकदाची," बहीण फोनवर म्हणाली होती, आणि तीही हसली होती… हसायला काय जातं.

बोलून गेली होती ती स्वतःच. दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार. पेशींचं पाणी बदलून घरी पोचेपर्यंत तीन वाजले, आणि सासूबाई जेवायच्या थांबलेल्या. "त्या बशीतल्या कातडीला वेळच्या वेळी खायला, आणि घरातल्या माणसांनी वाट बघत बसायचं!" त्या म्हणाल्या. हे रोजचंच. यावर तिने म्हणायचं, "तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं होतं?" त्यांनी म्हणायचं, "सांगावं लागतं का?" आणि मग दोघींनी धुसफुसत एकमेकींच्या ताटात वाढायचं — इतकं ते ठरल्यासारखं होतं. पण त्या दिवशी तिचं डोकं ठणकत होतं. "एवढं जड जातंय तर जाऊन राहा की धाकट्याकडे," ती म्हणाली. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि तिचा तिलाच धक्का बसला. सासूबाई ताटावरून उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. जेवण संपवलं, ताट घासून ठेवलं, आणि धाकट्याला फोन लावला.

काहीच बोलल्या नाहीत… त्या! ज्यांनी एकोणीस वर्षांत एक शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

डिशमध्ये औषध घालून अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं. ते औषध मोठं हुशार. पेशीला खाली पाय असतात आणि बाजूंना हात, असं समजा — लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांना ती असंच सांगायची. पायांनी पेशी जमीन धरते, आणि नुसती धरून बसत नाही. सारखी ओढून बघते, चाचपते, खालचं घट्ट आहे की लेचंपेचं. घट्ट लागलं की अंग पसरते, आणखी पाय रोवते. ओढायला काहीच सापडलं नाही तर अंग चोरून गोळा होते, आणि मुकाट्याने मरून जाते. हातांनी ती शेजारणीला धरते, ती पुढच्या शेजारणीला, अशा लाखो जणी एकमेकींना धरून बसल्या की त्याला आपण कातडी म्हणतो. औषध फक्त पाय सोडवतं. हात तसेच राहतात, म्हणून तर पापुद्रा अखंड निघतो.

कड आता सगळीकडून सुटली होती. आणि बघता बघता पापुद्रा आक्रसला… चारी बाजूंनी आत आत येत जवळजवळ निम्मा झाला. यात नवीन काही नव्हतं, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. म्हणूनच तर लागते त्याच्या दुप्पट वाढवायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र ती ओरडलीच होती, "मॅडम, काहीतरी बिघडलं!" — आणि तिला काम शिकवणाऱ्या त्या मॅडम खुर्चीतून न उठता म्हणाल्या होत्या, "काही बिघडलं नाही गं. इतके दिवस त्या जीव खाऊन ओढत होत्या. आपल्याला वाटतं, गपगुमान पडल्यात. सोडवल्यावर कळतं."

सोडवल्यावर कळतं…

घरातला नळ सासूबाई असा पिळून बंद करतात की तिच्या नवऱ्याला तो उघडत नाही. तिला उघडतो. एकोणीस वर्षं रोज सकाळी मनातल्या मनात चरफडत तिने तो नळ उघडला होता, आणि त्यात मनगट तयार झालं होतं; लॅबमध्ये कुठल्या बाटलीचं झाकण घट्ट अडकून बसलं की सगळे तिच्याकडेच येतात. उद्या सकाळी तो नळ एका बोटाने उघडेल. गॅसच्या डावीकडे ठेवलेलं भांडं डावीकडेच राहील. कुणी म्हणणार नाही, हे काय, इथे कशाला ठेवलंस… आणि मग मी काय करणार? मी एवढी ताठ उभी राहते ती कुणासमोर? त्या नसल्या तर मी केवढी उरेन?

काय हे! सासूबाई म्हणजे काय पेशी आहेत? तिने मान झटकली.

आणि न करायची तीच गोष्ट तिने केली. सतरा वर्षांच्या नोकरीत जी कधी केली नव्हती, पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ पोरी करतात आणि ओरडा खातात, ती. आक्रसलेल्या पापुद्र्याची कड चिमट्यात धरून तिने तो पुन्हा पहिल्याएवढा करायला ओढला. पापुद्रा मधोमध फाटला. आवाजसुद्धा झाला नाही.

तिने चिमटा खाली ठेवला. हातमोज्यांतले स्वतःचेच हात ती बघत राहिली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी याच मोज्यांनी तिचे हात फुटले होते, भेगांतून रक्त यायचं. सासूबाई रोज संध्याकाळी समोर बसवून तेल चोळायच्या, चांगलं रगडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लोकांना कातडी वाटत फिरतेस आणि स्वतःच्या हातांची ही दशा! लाज कशी वाटत नाही!" दोन महिने. एक संध्याकाळ चुकली नाही, आणि एक संध्याकाळ बोलणी खाल्ल्याशिवाय गेली नाही. ती माया होती हे तिला तेव्हाही कळत होतं. दोघींपैकी कुणीच ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, एवढंच.

चार दिवस झाले, त्या एकच बॅग भरत होत्या. भरायच्या, सगळं बाहेर काढायच्या, पुन्हा घड्या घालायच्या. "आईची बॅग काही भरून होत नाही," नवरा काल हसत म्हणाला होता. वय झालं, असं समजून तिने सोडून दिलं होतं. पण चार कपडे भरायला चार दिवस? घर एका हाती चालवलेल्या बाईला?

अगं बाई… वाट बघत होत्या त्या. हिने एकदा जाऊ नका म्हणावं म्हणून. आणि ही चार दिवस त्या बॅगेला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होती!

उरलेले तेरा पापुद्रे तिने जीव मुठीत धरून काढले. एकेक जसा आक्रसला तसाच, त्याच्या कलाने घेतला, मलम लावलेल्या जाळीदार कापडावर अलगद अंथरला, कडेने बारीक चिमटे लावले. खोका दोन्ही हातांत धरून, लिफ्ट सोडून, ती जिन्याने वर गेली.

"चौदा म्हणाला होतात ना?" सर्जनने विचारलं.

"एक माझ्याकडून फाटला."

"तुमच्याकडून?" त्यांनी मास्कवरून तिच्याकडे निरखून बघितलं. "असो. तेरा पुरतील, थोडी जागा आपली आपण भरून येईल. तुम्ही घरी जा आता."

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने घरी फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

"काय गं? निघाली का तुझी बशीतली कातडी?"

"निघाली. एक फाटली."

"फाटणारच. दोन आठवडे धड कुणाशी भांडली नाहीस."

जाऊ नका… दोनच शब्द होते, मघापासून तयार होते, आणि ऐन वेळी ते जागचे हलेनात.

"आई…"

"पाचला येतोय तो," सासूबाई म्हणाल्या. आवाज कोरडा, जरा जास्तच कोरडा.

"लवकर आला तर त्याला बसवून ठेवा. मी आत्ता निघते. मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोलायचंय की भांडायचंय?"

"भांडायचंय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्या म्हणाल्या, "मग ये. उगाच रेंगाळू नकोस."

ती पायऱ्या उतरू लागली. काय बोलणार, काही ठरत नव्हतं. चुकलं म्हणायची तिला सवय नव्हती, त्यांना तर ते ऐकायचीही नव्हती. आणि एवढं करून त्या राहतील याचा काय भरवसा? एकदा मनात घेतलं की घेतलं, अशी ती बाई. भीती वाटत होती, तरी पाय भराभर पडत होते, आणि कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.