टॅपेट वाजतायत

रविवार म्हणजे माणसानं पाय पसरून पडायचा वार. मास्तरचे गेले सात रविवार मात्र दुसऱ्यांच्या गाड्यांची बोनेटं उघडण्यात गेले होते. आजची ही नववी गाडी. मोठी, काळी, सात माणसं आरामात बसतील अशी, चार वर्षं वापरलेली. मास्तर इंजिनावर वाकून मोबाईल आत धरून उभा होता. घाईतला माणूस बाळाचं तोंड व्हिडिओत दाखवतो ना, तसा.

"ऐकू येतंय का बाबा?"

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग बाबा म्हणाले, "टॅपेट वाजतायत. इंजिनात टकटक आहे. सोड."

"अहो, दोन मिनिटं नीट ऐका तरी!"

"चौतीस वर्षं बस चालवलीय मी. मला नको शिकवूस. सोड ती."

मास्तरनं फोन खिशात टाकला आणि बोनेट खाली केलं. गाडीवाला दलाल, ज्याला सगळे भाऊ म्हणत, बाजूला उभा राहून किल्ली बोटावर फिरवत होता. "मास्तर," तो म्हणाला, "तुमचे वडील इंजिन ऐकतात की आकाशवाणी? हिचे टॅपेट वाजत असतील ना, तर मी मिशा उतरवतो."

मास्तर हसला नाही. हसायला अंगात जोर लागतो.

खरं म्हणजे या घराला मोठ्या गाडीची काही नड नव्हती. मास्तरचं शिवणकामाचं दुकान घराच्या खालीच, बायको दोन चौक सोडून एका चष्म्याच्या दुकानात कामाला, जुळी पोरं शाळेत चालत जायची. दारातली छोटी गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघाली तरी पुष्कळ. पण मोठी लेक. ती चार वर्षं लांबच्या बंदरात जहाजाच्या इंजिनांचं शिक्षण घेत होती, आता पास होऊन पहिल्यांदा जहाजावर चढणार होती. त्याआधी तिथल्या मैदानावर समारंभ होता, अंगावर पांढरा गणवेश चढवून टोपी घालण्याचा. लेकीनं दोन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, "टोपी आजोबांच्या हातूनच घालून घेणार. आजोबा आले नाहीत तर बोडक्यानं उभी राहीन."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. स्पार्क प्लग म्हणजे काय हे त्या पोरीला अक्षरं यायच्या आधी कळलं होतं, ते आजोबांमुळे. 

आणि इथंच घोडं अडलं होतं. बाबा दोन वर्षांत गाडीत बसले नव्हते. छोट्या गाडीत म्हणे त्यांचं डोकं छताला लागतं, खांदा दाराला घासतो, गुडघे कानाशी येतात. बसच्या सीटवर उभं आयुष्य काढलेला धिप्पाड माणूस, त्याला त्या डबीत कोंबायचं कसं? रस्ता सात तासांचा. बाबांनी एकदाच सांगून टाकलं, "मोठी गाडी आणा. मग येतो." 

झालं. त्या दिवसापासून मास्तरच्या मागे साडेसाती लागली.

मास्तर पडला शिंपी, म्हणून त्यानं गाड्या शिंप्यासारख्याच बघितल्या. बाकीचे लोक ॲव्हरेज विचारतात, टायर दाबून बघतात. हा गळ्यातली टेप काढून सीट ते छत, दार ते दार, सीटची कड ते डॅशबोर्ड असं सगळं मापायचा आणि मापाच्या वहीत बाबांच्या पानासमोर लिहायचा. बाबांचं पान वहीत पहिलंच. खांदा वीस, छाती सेहेचाळीस, कंबर बेचाळीस. दुकान उघडलं तेव्हा पहिला शर्ट त्यांचाच शिवला होता, आणि तेव्हापासून दर वर्षी दोन शर्ट, दोन पँटी त्याच मापानं. गिऱ्हाईकाला मास्तर छातीठोकपणे सांगायचा, "माप एकदा माझ्या वहीत आलं की तुम्ही नाही आलात तरी चालेल, कापड पाठवा."

पहिल्या तीन गाड्या या मापातच नापास झाल्या. पुढच्या ज्या पास झाल्या त्या बाबांनी फोनवरून नापास केल्या. एकीचा बेल्ट ओरडत होता. एकीचा गिअरबॉक्स रडत होता. एकीला म्हणे जुना अपघात झालेला होता, तो आवाजावरून कळतो. घरी खिडकीपाशी खुर्चीत बसून, शाल पांघरून उंटावरून शेळ्या हाकायच्या!

मग मास्तर नव्या गाड्यांच्या शोरूमला गेला. काचेसारख्या फरशीवर एक पांढरं धूड उभं होतं. मागचं दार बटणावर उघडायचं, तिसऱ्या रांगेला स्वतःचा एसी. जुळ्यांनी आत उड्या मारल्या आणि मागच्या रांगेवरून लगेच भांडायला सुरुवात केली. सेल्समननं मास्तरच्या गळ्यातली टेप बघितली आणि सर म्हणावं की नाही याचा क्षणभर विचार केला. बायकोनं आल्याआल्या चष्मा पुसून किमतीचा कागद वाचला, पुन्हा पुसला, पुन्हा वाचला. "काच स्वच्छ आहे," ती म्हणाली, "आकडाच तसा आहे." तरीही हप्ते कसेबसे बसले असते. दाखवायला ठेवलेली तीच गाडी आठवड्यात मिळत होती. मास्तरनं बाबांना फोन लावला.

"काहीच ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

"नवीन आहे बाबा. आवाजच करत नाही."

"ज्या गाडीला आवाज नाही तिचं दुखणं कळणार कसं? नको."

घरी आल्यावर बायको पाणी प्यायली आणि म्हणाली, "अहो, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना हे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी दमलेय." 

दमला तर तोही होता. लग्नसराईचे कोट अंगावर आलेले, दिवसभर मशीनवर, आणि सुटीच्या दिवशी हे. पायाचे तुकडे पडायची वेळ आली होती. त्यात लेकीचा फोन यायचा. "बाबा, आजोबांची खुर्ची पहिल्या रांगेत सांगितलीय. येणार ना नक्की?" मास्तर म्हणायचा, "गाडीचं बघतोय गं." गाडीचं बघतोय, गाडीचं बघतोय. आता नऊ दिवस राहिले होते आणि नववी गाडी टॅपेटवर गेली होती.

"भाऊ," तो दलालाला म्हणाला, "ही गाडी जरा माझ्या घरापर्यंत घ्या. म्हाताऱ्याला बसवतोच आत. बसल्याशिवाय हे संपायचं नाही."

गाडी दारात आली तेव्हा दुपार टळत होती. बाबा खाली यायला तयार नव्हते. गुडघा धरलाय, डोकं जड आहे, उद्या बघू. शेवटी बायको वर गेली. काय बोलली देव जाणे, पण पाच मिनिटांनी बाबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले. बाहेर जायचं म्हणून त्यांनी घरचा सदरा बदलून मास्तरनं गेल्या वर्षी शिवलेला निळा शर्ट आणि पँट चढवली होती. शाल नव्हती. जिना उतरायलाच एवढा वेळ गेला की भाऊनं तेवढ्यात गाडीची काच पुसून घेतली.

मास्तरनं पुढचं दार उघडलं. बाबांनी पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली, आणि मास्तरनं मागून आधार दिला. सीटवर बसले. दार लागलं.

मास्तर दुसऱ्या बाजूनं ड्रायव्हरच्या जागी बसला आणि वळून बघितलं.

बाबांच्या डोक्यावर हातभर जागा मोकळी होती. त्यांनी लावलेला सीटचा पट्टा छातीवरून जायचा तो गळ्यापाशी आला होता. समोरच्या काचेतून दिसावं म्हणून त्यांनी हनुवटी वर केली होती. शर्टाची खांद्याची शिवण खांद्यावर नव्हती, ती खाली दंडावर उतरली होती. बाह्या दोनदा दुमडलेल्या. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं, एक नाही, तीन. आणि पँटीचे पाय आत दुमडून पिना लावलेल्या. चार पिना. जुनाट, गंजायला आलेल्या.

दिवसाला वीस माणसं मापणारा हा माणूस. कुणाचं वजन दोन किलो उतरलं तरी उंबऱ्यातच ओळखणारा. आणि रोज दोन वेळा ज्यांच्यासमोर बसून जेवायचा त्यांच्या अंगावर टेप टाकून किती वर्षं झाली ते त्याला आठवेना. वही होती ना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दर वर्षी वीस खांद्याचे शर्ट शिवून द्यायचे आणि बापानं दर वर्षी गुपचूप पिना लावायच्या. मास्तरला स्वतःची अशी लाज वाटली की कान गरम झाले.

"बाबा, सांगायचं नाही का हो? कपडे ढगळ होतात म्हणून?"

"तू इतकं मनापासून शिवतोस," बाबा म्हणाले. "आणि माप तुझ्याकडे होतंच की."

बाहेरून भाऊनं विचारलं, "चालू करून दाखवू का इंजिन?" मास्तरनं त्याला समोरून चहा घेऊन यायला सांगितलं. मग स्वतःच किल्ली फिरवली. इंजिन लागलं. बाबांनी कान दिला नाही. ते समोर बघत राहिले.

"टॅपेट वाजतायत का?" मास्तरनं विचारलं.

"नाही."

"सकाळी वाजत होते."

"सकाळीही नव्हते." बाबांनी हात मांडीवर ठेवले. "गाडी चांगली आहे. आधीच्याही बऱ्या होत्या. ती करड्या रंगाची होती ना, तिचं इंजिन तर फार छान होतं."

सात रविवार! मास्तरच्या तोंडाशी शिवी आली. त्यानं इंजिन बंद केलं. "मग हे काय चालवलं होतंत तुम्ही? मी इथं कुत्र्यासारखा फिरतोय गावभर. पोरगी तिकडे रोज विचारते. यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं!"

"यायचंय रे."

"मग?"

बाबांनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंफले. मग समोरच्या काचेलाच सांगावं तसे म्हणाले, "मला दर अर्ध्या तासाला जावं लागतं. कधी कधी तेवढंही धरवत नाही."

मास्तरनं किल्लीवरचा हात काढला.

"सात तासांचा रस्ता," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षांत मी स्टँड सोडून बस थांबवली नाही. बाया हात जोडायच्या, म्हातारे सीटच्या दांड्या धरून पुढे यायचे, साहेब, दोन मिनिटं. मी आरशात बघायचोसुद्धा नाही. वेळेवर बस नेणारा म्हणून माझं नाव होतं. आणि तू. तू सात वर्षांचा होतास, माझ्या मागच्याच सीटवर. तीनदा हाक मारलीस. मी म्हटलं, पुढच्या स्टँडला. सीट भिजली तेव्हा सगळ्या बसदेखत तुला रागावलो."

मास्तरला ते आठवत होतं. बसमधला एक माणूस हसला होता, त्याचे दातसुद्धा आठवत होते. पण बाबांना आठवत असेल असं त्याला चाळीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

"आता त्याच रस्त्यानं मी तुला अर्ध्या अर्ध्या तासानं हात करू? पोरांसमोर? आणि तिकडे ती पांढऱ्या कपड्यात उभी राहणार, पहिल्या रांगेतून मी मधेच उठणार." बाबांनी दुमडलेली बाही खाली ओढली. "गाडी मिळालीच नाही, तर गाडीवर जाईल सगळं. असं वाटलं मला."

मास्तरला राग आणायचा होता. चाळीस वर्षांचा जुना होता, आजचा ताजा होता, दोन्ही हाताशी होते. पण तो इतका थकला होता की राग धरायलाही बळ उरलं नव्हतं, आणि शेजारी बसलेला माणूस इतका लहान झाला होता की तो राग त्याच्या मापाचा राहिला नव्हता. त्यानं पुढं होऊन बाबांच्या गळ्यावरचा पट्टा काढला.

"आदल्या दिवशी निघू," तो म्हणाला.

"चौदा वेळा थांबावं लागेल."

"थांबू."

"जाताना चौदा. येताना चौदा."

"मोजतं कोण? हात करा, मी थांबतो. रस्त्यात झाड दिसेल तिथं थांबतो. समारंभात मी तुमच्या शेजारी बसणार. तुम्ही उठलात की मीही उठेन. लोक म्हणतील दोघांनाही काम आहे."

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते मास्तरला कळलं नाही. मग त्यांचा हात एकदम दाराच्या कडीकडे गेला.

"काय झालं?"

"मला आता जायचंय," बाबा म्हणाले. त्यांनी मास्तरकडे बघितलं नाही. "आत्ता."

मास्तर धावत गाडीला वळसा घालून गेला, दार उघडलं आणि बाबांना काखेत हात घालून उचलूनच खाली घेतलं. समोरून भाऊ चहाचे तीन पेले सांभाळत येत होता. "मग काय मास्तर, हीच पक्की करायची ना?"

"थांबा जरा," मास्तर म्हणाला.

वर घरापर्यंत जिना पुष्कळ होता. मास्तरनं बाबांना दुकानाकडे वळवलं, दुकानामागे मोरी होती. बाबा एका हातानं त्याच्या खांद्याला आणि दुसऱ्या हातानं पँटीला धरून छोटी छोटी पावलं टाकत होते, आणि मास्तर त्यांच्या पावलाला पाऊल लावत चालला होता. "तीनदा हाक मारली होतीस," बाबा पुन्हा म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाला. "पायरी आहे इथं, बघा."