पाहुण्यांच्या वहीतलं पान

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून लहू गजभिये बैठकीतल्या स्प्लिट एसीचा फिल्टर ओढून काढत होता, तेवढ्यात विल्किन्सबाई हातात एक वही घेऊन आल्या. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची जाड वही. पाच वर्षांनी पाहत होता, तरी लहूने ती वरूनच ओळखली आणि त्याचा हात थांबला.

"लहू, आम्ही ते कॉटेज विकलं," बाई म्हणाल्या. बोलायच्या त्या इंग्रजीतच. बहरीनमध्ये वीस वर्षं काढल्यावर लहूला ते सगळं कळायचं, उत्तर मात्र चार शब्दांच्या पुढे जायचं नाही. "सामान आवरताना ही वही सापडली. एक पान तुझ्या बायकोचं आहे. बाकी सगळ्यांचं आम्ही वाचलं, एवढं एकच वाचता आलं नाही. काय लिहिलंय, सांगशील?"

बाईंनी नेहमीसारखी खुर्ची ओढून पुढे केली. लहूही नेहमीसारखंच म्हणाला, "नो मॅडम, ड्यूटी." या घरात तो पंधरा वर्षं येत होता, आणि अजून एकदाही बसला नव्हता.

"फर्स्ट वॉशिंग," असं म्हणून तो फिल्टर घेऊन मागच्या अंगणातल्या नळाकडे गेला. फिल्टर धुवायला पाच मिनिटं लागतात. लहूने पंधरा लावली.

खरं सांगायचं तर त्याला त्या पानाची भीती वाटत होती.

त्र्याण्णव सालची गोष्ट. लहूच्या नोकरीला पंधरा वर्षं झाली म्हणून कंपनीने नवराबायकोला इंग्लंडची तिकिटं दिली, आणि विल्किन्स साहेब म्हणाले, ऑगस्टमध्ये आमचं खेड्यातलं घर रिकामंच आहे, बायकोला घेऊन आठवडाभर जा. आता लहूला आजवर ज्या ज्या साहेबाने घरी बोलावलं होतं, ते काहीतरी बिघडलं म्हणूनच. शिवाय रिकामं घर म्हणजे बंद घर, आणि बंद घर म्हणजे गळके नळ, हे त्याच्या दुरुस्तीच्या धंद्यातलं साधं गणित. काय बिघडलंय हे विचारणंही त्याला बरं दिसेना. त्याने आपला टूलबॉक्स बांधला. त्याच्या वजनापायी सरिताला बॅगेतून दोन चांगल्या साड्या काढून बहरीनमधल्या आपल्या जिदहफ्सच्या फ्लॅटमध्ये ठेवाव्या लागल्या.

घर होतं मात्र बघण्यासारखं. दगडी भिंती, बुटकं दार, मागे सफरचंदाचं झाड, झाडाखाली लाकडी बाक आणि पलीकडे उतारावर चरणाऱ्या मेंढ्या. टेबलावर कुणीतरी पाव, लोणी, मुरंबा आणि डझनभर अंडी मांडून ठेवली होती. ती साहेबांची असतील म्हणून दोघांनी त्यांना हात लावला नाही. सरिताने सोबत नेलेल्या तुरीच्या डाळीचं वरण केलं, आणि वरणभात खाऊन दोघं कामाला लागली.

तीन दिवस काम चाललं. लहूने नळ दुरुस्त केले, मागच्या दाराची कडी बसवली, न्हाणीघराच्या खिडकीला तेल दिलं. सरिताने चार खोल्या धुऊन काढल्या आणि चुलीतली कोण जाणे किती वर्षांची राख उपसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने हातातला झाडू भिरकावला.

"साऱ्या बायकांले सांगून आली मी, का लंडनले फिराले जाऊन राहिलो म्हणून. अन् इथं येऊन काय? फडा अन् फडकं! उमरेडले काय फडा नव्हता?"

"साहेबाचं घर हाये नं सरिता. भरोशानं पाठवलं त्यानं."

"मंग मले काहून आणलं? एकटे या लागत होतं. हे मी मरेपर्यंत ध्यानात ठेवीन, सांगून ठेवतो."

त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

चौथ्या दिवशी सकाळी विल्किन्स साहेबांचा फोन आला. शेजारच्या डॉरथी नावाच्या म्हातारीने थेट बहरीनला फोन लावला होता. एक माणूस सकाळी सहा वाजता छपरावर चढून पन्हळ साफ करतोय, पोलिसांना कळवू की त्याला चहा देऊ, असं तिने विचारलं होतं. विल्किन्स साहेब आधी पोट धरून हसले. मग "लहू," ते म्हणाले, "मी तुला सुट्टी दिली होती. हातोडी खाली ठेव आणि बस."

लहूने हे सांगितलं तेव्हा सरिता दाराच्या पायरीवरच बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी हसण्याचंच होतं का, हे लहूला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी नाही.

मग उरले चार दिवस. बसायची सवय कुणाला होती? पहिल्या दुपारी दोघं बाकावर बसली खरी, पण हातांचं काय करायचं ते कळेना. डॉरथीने मटाराच्या शेंगा आणून दिल्या तेव्हा सरिताला हायसं वाटलं. शेवटच्या दुपारी लहूचा बसल्या बसल्या डोळा लागला. उन्हं रात्री नऊपर्यंत रेंगाळायची. मेंढ्या ओरडायच्या, लांबून चर्चची घंटा ऐकू यायची, आणि "आपल्या घरामागं असं एक झाड लावू," असं सरिता रोज एकदा म्हणायची. लहूच्या सगळ्या आयुष्यात असे दिवस तेवढेच. पुढे चाळीस डिग्रीत गच्चीवर कॉम्प्रेसर उघडून बसला की त्याला तो बाक आठवायचा.

निघायच्या सकाळी सरिताच्या हाती ही वही लागली. त्या घरात राहून गेलेल्या प्रत्येक पाहुण्याने दोन ओळी लिहायच्या, असा तिथला रिवाज होता. लहूने एका ओळीत "व्हेरी गुड हाउस" लिहून सही ठोकली. सातवी पास सरिता मात्र टॅक्सीवाल्याला ताटकळत ठेवून पानभर लिहीत बसली.

"काय लिहिलं एवढं?" त्याने विचारलं होतं.

"तुमच्या साऱ्या चुगल्या," ती म्हणाली होती.

ती गंमत होती की खरं, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. नंतर विचारायला वेळ उरला नाही. शहाण्णवमध्ये ती दोन महिने सलमानियाच्या हॉस्पिटलात पडून होती. "त्या झाडाले आता सफरचंद लागले असतील नं?" असं विचारायची. तो "हाव" म्हणायचा. तेव्हाही त्याला विचारता आलं असतं, पण धीर झाला नाही. ती गेली. तिच्या हातचं अक्षर घरात उरलं ते मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. धने, हळद, तिखट. मुलगा प्रज्योत नागपुरात मामाकडे शिकत होता, त्यामुळे चिठ्ठ्या वाचायला घरात लहू एकटाच होता. मरेपर्यंत ध्यानात ठेवीन म्हणाली होती. ठेवलं असलं तर ते त्या वहीतच असणार.

त्याने फिल्टर भिंतीला टेकवून उन्हात ठेवला, हात पुसले आणि तो आत आला. बाईंनी पान उघडून ठेवलं होतं. वरखाली इंग्रजी सह्या, आणि मधे सरिताचं गोल, जपून काढलेलं अक्षर. उमरेडला आईला लिहायची तशी पत्रं सोडून तिने दुसरं काही कधी लिहिलंच नव्हतं, म्हणून हेही पत्रच होतं.

"सप्रेम जय भीम,

इथे आपली कोणी बाई आली तर तिने वाचावे. ताई, टेबलावरचे पाव-लोणी आपल्यासाठीच असते. आम्ही चार दिवस हात नाही लावला, तुम्ही पहिल्या दिवशीच खा. मागच्या दाराची कडी आता वाजत नाही, ती आमच्या यांनी बसवली. शेजारची म्हातारी चांगली आहे. माझ्या हातचे वरण तिने मागून घेतले. मी भांडली यांच्याशी. उगाच भांडली. काल झाडाखाली हे बसल्या बसल्या झोपले. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण यांना असे बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. बसलेले बरे दिसतात. मी उठवले नाही.

आपली, सरिता लहू गजभिये, बहरीन."

लहूने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेला तर अक्षरं दिसेनात. त्याने बाहीने डोळे पुसले. बाई तिथे उभ्या आहेत याची त्याला लाज वाटली नाही.

"काय म्हणते ती?" बाईंनी हळूच विचारलं.

लहूने चार शब्द शोधून पाहिले. "शी सेज, मॅडम..." तो म्हणाला, आणि पुढचे शब्द काही मिळेनात. "बॅक डोअर ओके."

बाईंनी मान हलवली. त्यांनी ते पान वहीतून अलगद सोडवलं आणि घडी न घालता त्याच्या हातात दिलं. मग आत जाऊन त्या चहाचे दोन कप घेऊन आल्या. खुर्ची अजून तिथेच होती.

लहूने बूट दाराशी काढून ठेवले, पान छातीशी धरलं आणि तो खुर्चीवर बसला. फिल्टर वाळायला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास बसून राहिला.