एका पाणसळीचा अस्वस्थ आठवडा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुमच्या पोटात करंगळीएवढी काचेची नळी आहे. नळीत पोपटी रंगाचं पाणी आहे आणि त्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा. तुम्ही अंग जरा तिरकं केलंत की तो पळाला. शेजारून कुणी जड पावलं टाकत गेलं की तो थरथरला. तुम्ही कितीही दटावलंत तरी तो तुमचं ऐकत नाही, जमीन सांगेल तेच ऐकतो. कसं वाटेल? मला तर जन्मापासून तसंच वाटत आलं आहे, कारण मी फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींची पाणसळ आहे. कामावर मला सगळे 'लेव्हल' म्हणतात. दोन फूट लांबी, ॲल्युमिनियमचं अंग, कडांवरचा पिवळा रंग कधीच उडालेला.

कारखान्यात माझी नळी भरली ती एका अबोल बाईंनी. मग जाड चष्म्याच्या तपासनीसांनी मला सपाट काचेवर ठेवलं आणि दोन बारीक स्क्रू इकडेतिकडे फिरवत बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या बरोबर मध्ये आणला. "जा," ते म्हणाले, "आता खरं बोलत राहा."

मी चौदा वर्षं खरं बोलले. मिस्त्रींनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी राहते, असं लोक म्हणायचे. त्यात थोडं श्रेय माझंही होतं. पण जास्त होतं ते मिस्त्रींच्या एका सवयीचं. रोज सकाळी घरातून निघण्याआधी ते मला ओट्यावर ठेवत, बुडबुडा पाहत. मग त्याच जागी मला उलटं फिरवत, म्हणजे माझं डावं टोक उजवीकडे, आणि पुन्हा पाहत. अर्धं मिनिटही लागत नसे. चौदा वर्षांत एकदाही ते चुकले नव्हते.

आता टिचकीबद्दल सांगते. टिचकी ही मिस्त्रींची मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण लहानपणी बाबांच्या कामावर आली की ती प्रत्येक फरशीवर टिचकी मारून कान लावायची आणि पोकळ आवाज आला की ओरडायची, "बाबा, हिच्या पोटात काही नाही!" तेव्हापासून ती टिचकी. यंदा ती सतरा वर्षांची झाली, शाळा संपली, निकाल लागला. चांगला लागला, आणि तिथूनच घोळ सुरू झाला. वाईट लागला असता तर एखादाच रस्ता उरला असता आणि सगळे गप्प बसले असते.

फॉर्मवर तीन चौकटी होत्या. पहिली पसंती, दुसरी, तिसरी. शनिवारी दुपारी बारापर्यंत फोनवरून भरायचा आणि एकदा पाठवला की बदल नाही.

रविवारी मामा आला. मामा एका कचेरीत हेडक्लार्क आहे आणि सगळ्या फॉर्मांवर त्याचा जीव आहे.

"सोपं आहे," तो चहाचा कप बाजूला सारत म्हणाला. "एक नंबरला इंजिनिअरिंग. दोन नंबरला दुसरं इंजिनिअरिंग. तीन नंबरला..."

"तिसरं इंजिनिअरिंग," टिचकी म्हणाली.

"बघ ताई! पोरगी हुशार आहे म्हणतो ते उगीच नाही."

आई दवाखान्यात केसपेपर काढते. ती म्हणाली, "आणि नर्सिंग काय वाईट आहे? आमच्या सिस्टरना बघ. कुठल्याही गावी गेल्या तरी दुसऱ्या दिवशी कामावर."

"शाळेतल्या बाई सांगत होत्या," टिचकी हळूच म्हणाली, "तंत्रनिकेतनात जमीन मोजण्याचा डिप्लोमा असतो. तीन वर्षांचा."

"डिप्लोमा!" मामानं असा चेहरा केला जणू चहात माशी पडली. "बरं, तूच सांग. तुला काय व्हायचंय?"

"माहीत नाही."

"सतरा वर्षांची घोडी झालीस आणि माहीत नाही?"

मिस्त्री कोपऱ्यात बसून नखातलं सिमेंट काढत होते. ते एवढंच म्हणाले, "सहा दिवस आहेत की अजून."

मामा गेला. टिचकी टेबलाशी बसली, उठली, पुन्हा बसली. मग तिनं बाबांच्या पिशवीतून मला काढलं आणि चाळा म्हणून कशावरही ठेवू लागली. फॉर्मच्या छापील नमुन्यावर ठेवलं, वहीवर ठेवलं, गुडघ्यावर ठेवलं. तिचा गुडघा सारखा हलत होता आणि माझा बुडबुडा वेड लागल्यासारखा धावत होता. शेवटी टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं. मी कलंडले आणि खाली टण्णकन आपटले.

तिनं मला उचलून उजेडात धरलं. काच फुटली नव्हती, पाणी गळत नव्हतं. पण आत, नळी धरून ठेवणारा स्क्रू केसभर सरकला होता. ते तिला कसं दिसणार? तिनं मला पिशवीत थापीखाली परत ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी मला ओट्यावर ठेवायला हात पुढे केला, तेवढ्यात मामाचा फोन आला. आईचे हात पिठात होते, म्हणून तिनं फोन मोठ्या आवाजावर लावला. मामा म्हणत होता, "ताई, आज निर्णय घ्या. का दाजी पोरीलाही फरश्या ठोकायला बसवणार आहेत?"

मिस्त्रींचा हात तसाच मागे गेला. त्यांनी मला पिशवीत टाकलं, चेन लावली आणि चहा न पिताच निघाले.

त्या दिवशी काम होतं एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, न्हाणीघराचं. न्हाणीघराच्या जमिनीला जाळीकडे थोडासा ढाळ द्यावा लागतो, नाहीतर पाणी साचतं. मिस्त्री प्रत्येक फरशीवर मला ठेवत होते, रबरी हातोडीनं ठोकत होते, आणि मी सांगत होते, बरोबर आहे, बरोबर आहे. मित्रांनो, खोटं बोलणं वेगळं आणि आपण खोटं बोलतोय हे न कळणं वेगळं. दुसरं फार वाईट. दिवसभर मला आत काहीतरी खटकत होतं, पण बुडबुडा बरोबर रेघेवर येऊन बसत होता.

संध्याकाळी बाईंनी हौसेनं तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग जाळीकडे पाठ फिरवून सरळ दाराकडे आलं.

"मिस्त्री," बाई पाय वर घेत म्हणाल्या, "हे माझ्याच पाया पडायला निघालंय की हो!"

बाई हसून बोलल्या, तरी मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते खाली बसले. मला ठेवलं, पाहिलं, उलटं फिरवलं, पाहिलं. मग त्यांनी मला शर्टाच्या टोकानं पुसलं.

घरी आल्यावर टिचकीनं विचारलं, "बाबा, जेवत का नाही?"

"उद्या ती सगळी जमीन उपसायची आहे. लेव्हल बिघडली होती."

टिचकीचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "ती काल पडली होती. माझ्या हातून."

"मग बोलली का नाहीस?"

"दिसायला धड होती."

आई काही बोलणार होती, मिस्त्रींनी तिला खुणेनं थांबवलं. "मीही आज तपासली नाही," ते म्हणाले. "रोज तपासतो, आज नाही तपासली. म्हणजे दोघांचंही चुकलं. सकाळी सातला तयार राहा. जुने कपडे घाल."

मंगळवारी टिचकीनं आयुष्यात पहिल्यांदा बसवलेली फरशी उचकटली. खालचा सिमेंटचा माल अजून ओलसर होता, त्यामुळे छिन्नी सहज जात होती. तरी तासाभरात तिचे तळहात सोलवटले. दोन फरश्या फुटल्या. घामानं केस कपाळाला चिकटले आणि ती एकदम म्हणाली, "बाबा, फॉर्म चुकला तर तो असा उपसता येतो का?"

मिस्त्रींनी एक फरशी सुटी करून बाजूला ठेवली. "मी आधी दोन वर्षं वायरमनचं काम शिकत होतो. तुला माहीत आहे?"

"तुम्ही? वायरमन?"

"मला त्यात झोप यायची. एकदा शिडीवरच डुलकी लागली. सोडून दिलं, तर तुझे आजोबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तुझ्या आजीमार्फत बोलायचे. 'त्याला सांग, मीठ दे.' मी समोरच बसलेला!" ते हसले, मग फरशी खरवडत म्हणाले, "त्रास होतो. नाही कशाला म्हणू? दोन वर्षं गेली. पण आज भिंतीला हात लावायच्या आधी वायर कुठून गेली असेल ते मला कळतं."

"आणि मी तुमच्याच कामात आले तर?"

"मला आवडेल," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी गुडघा चोळला. "आणि भीतीही वाटेल. दोन्ही होईल. तू माझ्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस."

नंतर त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "ठेव. बुडबुडा कुठे गेला?"

"खिडकीकडे."

"आता उलटी फिरव. त्याच जागी. आता?"

"आता दाराकडे गेला!"

"दोन्ही वेळा खिडकीकडेच गेला असता तर जमीन कलती. पण तो हिच्याबरोबर फिरला, म्हणजे हीच बिघडलेली. एकाच बाजूनं बघितलं तर कोण चुकतंय ते कधीच कळत नाही."

टिचकी मला मांडीवर घेऊन बसली. तिचा गुडघा पुन्हा हलू लागला होता. "सगळे मला एकाच टोकाकडून विचारतात," ती म्हणाली. "काय होणार, काय होणार. तिथे गेल्यावर सकाळी उठून रोज करायचं काय, ते कुणी विचारतच नाही. मीही नाही विचारलं."

"मग जाऊन बघ," मिस्त्री म्हणाले, जणू माल कालवायला सांगत होते.

माझे स्क्रू तिनंच फिरवले. पाव फेरा, उलटं फिरवणं, पुन्हा अर्धा पाव फेरा. बत्तीस वेळा. शेवटी मी दोन्ही बाजूंनी एकच सांगू लागले. मिस्त्री म्हणाले, "शनिवारपर्यंत तुझ्याकडे ठेव. तोवर मी उसनी वापरतो. रोज तपास, पुन्हा सरकते का ते बघ." म्हणून पुढच्या तीन दिवसांत मी तिच्या दप्तरात होते, आणि म्हणून हे सारं मला ठाऊक आहे.

इथे तुम्हाला एक विनंती करते, मित्रांनो. तुमच्या हातून एखादं साधन पडलं, तर दिसायला धड आहे म्हणून गप्प राहू नका. ज्याचं आहे त्याला सांगा. थोडं रागावणं सोसा. आम्हाला तोंड नसतं. आमच्यासाठी तुम्हालाच बोलावं लागतं.

बुधवारी टिचकी आईबरोबर दवाखान्यात गेली. तिथल्या थोरल्या सिस्टर एका आजोबांच्या पायाची जखम बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "चक्कर येणार असेल तर माझ्या अंगावर पड, ट्रेवर पडू नकोस. ट्रे मी धुतलाय." टिचकीला चक्कर आली नाही. उलट, आजोबांना बोलण्यात गुंतवायचं काम तिला छान जमलं. हे तिला अपेक्षित नव्हतं आणि त्यामुळे ती घरी येताना जास्तच गोंधळली. "हेही आवडलं तर?" ती रस्त्यात स्वतःशीच पुटपुटली.

गुरुवारी तंत्रनिकेतन. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांनी तिला आधी कंटाळलेलं तोंड करून माहितीपत्रक दिलं. ती म्हणाली, "हे नको. पहिल्या दिवशी मुलं काय करतात ते दाखवा ना." काका थोडे चमकले. त्यांनी एक तिपाई उघडली, तिच्यावर दुर्बिणीसारखं यंत्र बसवलं. त्या यंत्रातही बुडबुडा होता! गोल डबीतला, माझ्या दूरच्या भावंडासारखा. "तीन स्क्रू आहेत," काका म्हणाले. "याला मधल्या गोलात आण. पोरं पहिल्या दिवशी रडकुंडीला येतात."

टिचकीही आली. एक स्क्रू फिरवला की बुडबुडा दुसरीकडेच पळे. पण दप्तराच्या उघड्या तोंडातून मला एक गोष्ट दिसली. तिचा गुडघा हलत नव्हता. बुडबुडा गोलात आला, तिनं मुद्दाम तिपाई हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"ताई," काका अखेर म्हणाले, "पाऊण तास झाला. मला जेवायला जायचंय."

"इथे वाईट काय आहे, काका?"

"वाईट? उन्हात उभं राहावं लागतं. वर्गात मुली तीन-चारच. यंत्रं जुनी. आणि पास झाल्यावर गावोगाव फिरावं लागतं."

तिनं हे सगळं वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी ती मामानं सुचवलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली. सुट्टी होती. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. ती गेटवरचा हसऱ्या मुलांचा फलक पाहून परत आली. तोवर मामाचे चार फोन येऊन गेले होते.

शनिवारी सकाळी अकरा वाजता ती आईच्या फोनवर फॉर्म उघडून बसली. मी टेबलावर होते. टेबल थरथरत होतं, मी थरथरत होते. पहिल्या चौकटीत तिनं तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा भरला. दुसरीत नर्सिंग. तिसरीत मामाचं कॉलेज.

"तिसरं?" आई म्हणाली. "मामाला काय सांगू? आणि नर्सिंग दुसरं का गं? त्या दिवशी सिस्टर तुझं कौतुक करत होत्या."

"म्हणून तर दुसरं आहे, आई. कॉलेजचं मी फक्त गेट बघितलंय."

"आणि तिथे पहिल्या ठिकाणी कंटाळा आला तर?"

टिचकीनं सोलवटलेल्या तळहाताकडे पाहिलं. "तर येईल," ती म्हणाली. "मग त्रास होईल." तिनं बाबांकडे पाहिलं, पण ते खरोखरच पाठ करून बूट घालत होते. अकरा वीसला तिनं बटण दाबलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. आईनं सवयीनं हात पुढे केला, "दे, मी बघते त्याला."

टिचकीनं फोन आधीच उचलला होता. ती उठून खिडकीशी गेली, घसा साफ केला आणि म्हणाली, "मामा, मीच बोलतेय. फॉर्म पाठवला. आधी सगळं ऐकून घे, मग काय ओरडायचं ते ओरड."